बॅरलमधलं इंजिन

सोलापुरात राहून कुणी होडीचं इंजिन विकत घेतं का? मी घेतलं. तेही जुनं, बंद पडलेलं, आणि जिथे नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही अशा आमच्या अंगणात आणून ठेवलं. टेम्पोतून ते उतरताना पाहून आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "घागर भरायची मारामार, आन् हिनं होडी आणली!" होडी नाही गं, होडीच्या मागे लावायचं नुसतं इंजिन आहे, असं मी म्हटलं. तर म्हणे, "मग होडी बी आण की. ठेवायला लई जागा हाय."

मी ते आणलं आप्पांसाठी. माझे वडील आयुष्यभर यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग अडला की हाक त्यांना. कारखाना सुटला आणि पाठोपाठ कंपवात आला. हात मांडीवर नुसता ठेवला की थरथरायचा, पण त्याच हातात पाना दिला की शांत व्हायचा. हे डॉक्टरांच्या आधी आईच्या लक्षात आलं होतं. मग आम्ही दोघींनी त्यांच्या हाताला काम पुरवायचा सपाटा लावला. घरातले पंखे झाले, मिक्सर झाला, शेजाऱ्यांच्या इस्त्र्या आणि शिलाई मशिनी झाल्या. शेवटी ते चांगल्या चालणाऱ्या वस्तूही खोलायला लागले. आई रडकुंडीला आली आणि मला भीती वाटायला लागली. दुरुस्त करायचं काही उरलं नाही, तर हा माणूस खाटेवर बसेल आणि बसूनच राहील, असं मला रोज वाटायचं.

त्या हिवाळ्यात ऑफिसच्या लोकांबरोबर उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला गेले होते. पक्षी लांब होते, म्हणजे दिसले असं म्हणायचं. काठावर एका बाभळीखाली हे इंजिन आडवं पडलं होतं. मी होडीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "व्हय, बंदच हाय. घेता का?" मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. त्याला भरपूर नटबोल्ट आहेत एवढं मी पाहिलं आणि तेवढ्यावर पसंत केलं. लोक नवरा निवडतात तेसुद्धा याहून जास्त चौकशी करून.

आप्पांनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. "आयला, ह्ये पाण्यातलं जनावर हाय," म्हणाले आणि पाट ओढून बसले. मागाच्या जुन्या लाकडांचा त्यांनी घोडा केला, त्यावर इंजिन टांगलं आणि एकेक भाग सुटा करून रॉकेलमध्ये बुडवला. सकाळचा चहा अंगणात, जेवणाची हाक तीनदा. बोलणंसुद्धा वाढलं. जेवताना ते आईला कार्बोरेटर समजावून सांगायचे आणि आई "व्हय, व्हय" करत भाकरी वाढायची. मी ऑफिसातून आले की खाली वाकून पडलेले स्क्रू शोधायचे. ते रोज थोडे जास्त सापडायला लागले होते. आप्पांना मी ते दाखवत नव्हते, गुपचूप वाटीत टाकत होते. आप्पाही वाटीत मोजून बघत नव्हते, आणि आईचं आम्हा दोघांकडे लक्ष होतं.

इंजिन तयार झालं, पण चालवून बघायचं तर ते पाण्यात उभं करावं लागतं. ते खालून पाणी ओढतं, त्याच पाण्याने गार राहतं आणि कडेच्या भोकातून धार बाहेर टाकतं. होडीवाल्याने मला फोनवर बजावून सांगितलं होतं, "धारेवरची नजर काढू नका. धार थांबली की इंजिन लगेच बंद करायचं. न्हाय तर आत सगळं चिकटतंय." मी ते आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "कळलं की."

आता पाणी कुठून आणायचं? नळ आला त्या दिवशी सगळी भांडी भरून झाल्यावर आईने धुण्याचं निळं बॅरल दिलं, तेही अर्धंच. आप्पांनी त्यात विटा सोडल्या, म्हणजे पाणी आपोआप वर आलं. आईने तोंड वाकडं करत इंजिनाला हळदकुंकू लावलं. इंजिन सुरू करायचा दोर ओढण्याइतका जोर आप्पांच्या दंडात राहिला नव्हता, म्हणून ओढायचं काम माझं. खांदा निखळतो की काय असं झालं, आणि एकदम ते सुरू झालं. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. भोकातून बारीक, स्वच्छ धार पडली. आप्पा हसत होते. इतक्या मोठ्याने हसताना मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं, जमलं, आपल्याला हे जमलं.

पण इंजिनाने बॅरल घुसळायला सुरुवात केली. पाणी उसळून काठावरून बाहेर पडायला लागलं, फरशीवरून गटाराकडे निघालं. "अगं, पाणी!" आई ओरडली आणि बादली घेऊन धावली. मी पायपुसणं टाकून बांध घातला. आप्पासुद्धा इंजिन सोडून तांब्या घेऊन वाकले. ते तांब्याने फरशीवरचं पाणी बादलीत भरत होते. आम्ही तिघं सोलापूरची माणसं, डोळ्यांदेखत पाणी वाहून जाताना उभं कसं राहणार? बॅरलमधलं पाणी खाली गेलं, धार थांबली, आणि आम्ही तिघंही पाठमोरे होतो.

करकर झाली, मग एकदम शांतता. रबर जळाल्याचा वास आला. आप्पा उठले आणि त्यांनी स्वतः दोर ओढून पाहिला. दोर जागचा हलला नाही. मी ओढला, तर तसाच. बादली पाऊण भरली होती. आई ती हातात धरून उभी होती, आणि खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं.

होडीवाला येऊन बघून गेला. आतला दट्ट्या घासून जाम झाला होता आणि या जुन्या इंजिनाचे भाग आता मिळत नाहीत, असं म्हणाला. मी आप्पांना म्हटलं, आपण दुसरं आणू, होडीचंच आणू, नाहीतर शेतातला पंप आणू. मी बोलतच सुटले होते. आप्पांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. शेवटी शेवटी पाना हातात असला तरी हात हालत हुता, पोरी. तुला वाईट वाटंल म्हून म्या बोललो न्हाय." आई आत निघून गेली. मी वाटी उचलली आणि उगाच स्क्रू वेगळे करत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. आरशासमोर तोंडाला फेस लावून बसले होते. गालावर दोन ठिकाणी रक्त होतं. दाढीचं यंत्र त्यांनी माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "हितनं फुडं तूच करत जा."

मी कधी कुणाची दाढी केली नव्हती. डाव्या हाताने त्यांचा गाल ताणला आणि उजव्या हाताने जपून यंत्र फिरवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर पडून थरथरत होते. ते धरावेत असं फार वाटलं, पण माझे दोन्ही हात त्यांच्या चेहऱ्यावर होते.