पिशव्यांपाशी कोण बसणार?

आमच्या घरात समुद्रावर जायचं म्हटलं की एक गोष्ट आधीच ठरलेली: पिशव्यांपाशी आई बसणार. तिला कोणी कधी विचारलंही नाही. अलिबाग असो की गणपतीपुळे, आम्ही पाण्यात आणि आई वाळूत, चपलांच्या ढिगाशेजारी, पदर खोचून पहाऱ्यावर.

आता यातली गंमत ऐका. आमच्यात पोहता येतं फक्त आईला. कल्याणजवळच्या मोहने गावची मुलगी ती, उल्हास नदीत डुंबत वाढलेली. बाकी आम्ही डोंबिवलीचे शूरवीर. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून "लाट आली, लाट आली" म्हणून किंचाळणार.

यंदा दादाने गाडी घेतली आणि थेट पणजीला जायचं ठरलं. चहा गाळता गाळता आईने जाहीर केलं, "या वेळी मी पोहणार आहे. आत्ताच सांगून ठेवते."

"पोह ना, कोण नको म्हणतंय?" बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. बाबांचं हे 'कोण नको म्हणतंय' भारी धोकादायक. आजवर कोणी नको म्हटलेलं नाही, आणि लग्नापासून आई कोरडीच आहे.

शीळफाट्याचं ट्रॅफिक टाळायला पहाटे निघायचं, हा बाबांचा हुकूम. कल्याण-डोंबिवलीतल्या समस्त बाबांनी बहुतेक तोच हुकूम सोडलेला. उजाडायच्या आत शीळफाट्यावर ही रांग! बाजूच्या गाडीत आमच्याच बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे काका, तेही सहकुटुंब गोव्यालाच निघालेले. काच खाली करून ते बाबांना म्हणाले, "काय, तुम्हीपण लवकर निघालात वाटतं?" दोघांच्याही गाड्या जागच्या हलत नव्हत्या, पण चेहऱ्यावर समाधान बघायचं.

आमच्या गाडीत माणसं चार आणि पिशव्या विचारू नका. पोळ्या, चिवडा, लोणचं, इस्त्री, आणि घरच्या पाण्याचा कॅन, कारण बाबांना बाहेरचं पाणी सोसत नाही. गोव्यात जणू माणसं राहतच नाहीत. सीटवरचं प्लास्टिक दादा काढू देईना, त्यामुळे पणजी येईपर्यंत आम्ही सगळे त्याला चिकटलेलो.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेलो. आईने खास पोहायला म्हणून घेतलेला चॉकलेटी पंजाबी ड्रेस घातलेला, केस घट्ट बांधलेले. आणि काय सांगू, सवयीने आम्ही सगळ्यांनी फोन, घड्याळं, चष्मे तिच्या ओंजळीत टाकले. तेवढ्यात तळमजल्यावरचे काकाही सहकुटुंब हजर. "वहिनी, तुम्ही बसताच आहात, तर आमचंही जरा बघा हं." आई गुपचूप खाली बसायला लागली.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, आज तुम्ही बसायचं!" मी सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडले. बाबा इकडेतिकडे बघत, "अगं हळू, हळू," करत बसले एकदाचे. तोंड हे एवढं.

आई पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. आणि तिथेच थांबली, समुद्राकडे पाठ करून. नजर पिशव्यांवर.

"अहो, निळी पिशवी लवंडतेय! गाडीची चावी कुठंय?"

मागून लाटा येऊन पाठीवर आपटत होत्या, तिला पत्ताच नाही. आधी मला हसू आलं, मग एकदम रडायलाच आलं. एवढी आयती संधी, आणि बाईला वळताच येईना. मी आणि दादा "जा ना गं आई!" म्हणून ओरडतोय, तर ती बाबांना विचारतेय, "काकांच्या चपला मोजल्यात का?"

तेव्हा बाबा उठले. आता वैतागून निघून जाणार, असं मला वाटलं. पण त्यांनी एकेक पिशवी अंगावर चढवायला घेतली. दोन खांद्यांना, एक गळ्यात, काकांची पोटाशी, आणि निळी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली. भर किनाऱ्यावर, जिथे काकांचं अख्खं कुटुंब बघत होतं तिथे, बाबा ओरडले, "हे बघ! सगळ्या आहेत! जा तू!"

आईने खालपासून वरपर्यंत त्यांना एकदा नीट तपासलं. मग वळली आणि हात मारत निघाली, अशी सरसर, की आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातले दोघं नुसते बघत राहिलो.

बऱ्याच वेळाने मी बाबांपाशी गेले. निळी पिशवी अजून डोक्याच्या वरच. म्हटलं, "अहो, ठेवा की आता खाली. ती लांब गेलीय."

"नको," बाबा म्हणाले. "तिने मागे वळून बघितलं तर परत येईल ती."