चौपाटीची तेरा भिरभिरी

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून लेक आणि जावयाने आम्हां दोघांना दोन दिवस समुद्रावर पाठवलं. समुद्र म्हणजे गिरगाव चौपाटी. तिच्यासमोरच्या एका हॉटेलात खोली घेतली होती. आमच्या काळाचौकीहून टॅक्सीने पाऊण तास. जावई म्हणाला, "बाबा, लांबचा प्रवास तुम्हाला झेपणार नाही." मला सगळं झेपतं, पण पैसे त्याचे होते, म्हणून गप्प बसलो.

मी चौथी शिकलेला माणूस. आधी मिल, मग शिवडीच्या गोदामात राखणदार. फिरायला म्हणून कधी गेलोच नाही. गावी जायचो, पण आमच्या चाळीत गावी जाणं फिरण्यात धरत नाहीत. आमच्या मजल्यावर एक रीत आहे. कोणीही फिरून आलं की बाकीच्या तेरा दारांत काहीतरी द्यायचं. शिंपल्याचा गणपती, किल्लीची साखळी, प्रसादाचा डबा, काहीही. आमच्या बायकोचं एक फडताळ अशा वस्तूंनीच भरलंय. तिने चाळीस वर्षं घेतलं, दिलं एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली सोडून आम्ही वाळूत बाकावर बसलो होतो. ती म्हणाली, "अहो, तेरा वस्तू घ्यायच्यात."

"कसल्या?"

"मजल्यावर द्यायला."

मी म्हटलं, "अगं, चौपाटीवरून काळाचौकीला काय न्यायचं? लोक हसतील."

"हसू देत. मी आजवर सगळ्यांचं हसूनच घेतलं ना? रिकाम्या हाताने मी मजल्यावर पाय ठेवणार नाही."

मी नाही म्हटलं. एकदा नाही म्हटलं की माझं नाहीच असतं, हे सगळ्या मिलला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. ती चपला काढून बाकावर मांडी घालून बसली. "तुम्ही जावा मग. मी इथेच राहते. भेळ मिळते, संडास आहे, अजून काय लागतं?"

पाऊण तास मी पण बसलो. ऊन वाढलं. शेवटी मी उठलो, ते ऊन लागत होतं म्हणून, आणि समोर दिसला त्या भिरभिरीवाल्याला म्हटलं, तेरा दे. त्याच्याकडे तेवढीच उरली होती. तेरा भिरभिरी हातात धरायची कशी? त्याने पेंढा बांधलेला अख्खा बांबूच माझ्या हातात दिला. "ले जाओ चाचा, आज अपनी छुट्टी," म्हणाला आणि खरंच घरी निघून गेला.

आता मी चौपाटीवर बांबू घेऊन उभा. वारा सुटला होता, तेराच्या तेरा गरगर फिरत होती. एक बाई आली. "काका, केवढ्याला एक?"

"विकायची नाहीत."

"मग घेऊन उभे कशाला?"

"माझी हौस."

बायकोला म्हटलं, हे धर, मी टॅक्सी बघतो. टॅक्सीवाले बांबू बघून थांबत नव्हते. परत आलो तर अकराच भिरभिरी.

"दोन कुठे गेली?"

"विकली. एक पोरगी रडत होती."

"आणि दुसरं?"

"तिचा भाऊ काय गप्प बसणार होता?"

पन्नास वर्षांत मी या बाईला कधी दुकानावर बसवलं नाही, ते बरंच केलं. दुसरा भिरभिरीवाला सगळ्या वाळूत नव्हता, होते ते फुगेवाले. मग बांबू खांद्यावर टाकून आम्ही ठाकूरद्वारपर्यंत चालत गेलो. लोक बाजूला होऊन वाट देत होते. तिथे एका जुन्या दुकानात बायकोने दोन पाकिटं गोडा मसाला घेतला. मी बाहेरच उभा राहिलो. आम्ही लालबागच्या बाजूची माणसं, मसाला कुटून घ्यायला सगळी मुंबई आमच्याकडे येते. मी गिरगावातून मसाला नेताना कोणी ओळखीच्याने बघितलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं?

दुपारी बसने घरी पोचलो. तिने लुगडं बदललं, केस विंचरले आणि दारोदार निघाली. मी गॅलरीत खुर्ची टाकून, बघत नाही असं दाखवत बघत होतो. प्रत्येक दारात ती सांगायची, "समुद्रावर गेलो होतो ना, तिकडून आणलं." कोणी विचारलं, "गोव्याला का?" तर ही मान वर करून, "नाही, गिरगावला." लोक हसले, ही पण हसली. घटकाभरात सगळ्या मजल्याच्या खिडक्यांवर भिरभिरी फिरायला लागली. तिला इतकं खूश मी लेकीच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

मसाला गेला कडेच्या दोन खोल्यांत. त्यातल्या एकीने संध्याकाळी तो बांगड्याच्या कालवणात घातला आणि मजल्यावर सांगत सुटली, गिरगावचा आहे, खास आहे, सगळ्यांना कुठला मिळायला. आमच्याकडेही वाटी आली. कालवण गोड लागत होतं. मी संपवलं, ते भूक होती म्हणून.

तेवढ्यात मधल्या खोलीतली मालवणची म्हातारी आमच्या दारात आली. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. हातात भिरभिरी.

"काय रे, तिका मसालो आणि माका ह्यां? मी काय पाळण्यात आसंय?"

"आजी, वाऱ्याला छान फिरतं."

"वाऱ्याक माका फिरवूचा नाय हा. माका मसालो होयो."

तिच्या मागे आणखी दोघी होत्या. त्या कशाला आल्यात ते कळत होतं. सगळ्या गेल्यावर बायको ओट्याशी पाठ करून उभी राहिली. म्हणाली, "चाळीस वर्षांनी एकदा मजल्यावर काही वाटलं, आणि त्यातही दुजाभाव झाला. उद्या नळावर कोणत्या तोंडाने जाऊ?"

दोन भिरभिरी कोणी विकली, असं मी विचारणार होतो. नाही विचारलं. ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाही न घेता मी पहिल्या बसने ठाकूरद्वारला गेलो. दुकान उघडेपर्यंत पायरीवर बसलो आणि गोड्या मसाल्याची अकरा पाकिटं मागितली. दुकानदाराने विचारलं, कुठे राहता? मी म्हटलं, लालबागला. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, बांधा लवकर. घरी आलो तेव्हा बायको आंघोळीला गेली होती. पिशवी तिच्या हातात दिली नाही, दाराच्या कडीला अडकवली आणि पेपर आणायला खाली गेलो.