मागे गेलेला मीटर

“लाइटचा कागद इंग्लिश मॅडमना द्या. दरोडा-बिरोडा त्यांना झेपायचा नाही. मीटर बरा, भिंतीवर असतो, पळून जात नाही.”

ठाणे अंमलदाराच्या खोलीत हशा पिकला. मी दाराबाहेर व्हरांड्यात टोपी हातात धरून उभी होते. हसणं ओसरेपर्यंत थांबले, मग आत गेले आणि काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्यानं सही करून तो कागद घेतला. पुढच्या नोकरीत त्याहून मोठे गुन्हे पुष्कळ हाताळले. तरी कुठला तपास मनातून जात नाही असं कुणी विचारलं, की मला तो लाइटचा कागदच दिसतो.

नव्वदीची सुरुवात होती. उपनिरीक्षक म्हणून पनवेलला येऊन मला सहा महिने झाले होते. शाळा-कॉलेज इंग्रजीतून झालेलं. घरी मराठीच बोलायचो, पण पंचनाम्यातले ‘सदर’ आणि ‘नमूद’ माझ्या पेनातून उतरत नसत. चुकीचं बोलून हसं होण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं मी ठरवून टाकलं होतं. पोलीस ठाण्यात गप्प माणसाचा एक फायदा असतो. लोक त्याच्यासमोर निर्धास्त बोलतात.

तेव्हाचं पनवेल आता सांगून खरं वाटत नाही. संध्याकाळी वडाळे तळ्यावरून वारा यायचा, आणि सातच्या सुमारास सगळीकडे दिवे लागले की आमच्या ठाण्यातला पंखा इतका मंद व्हायचा की त्याची पाती मोजता यायची. वायरलेसवरचा हवालदार पंख्याकडे बघून म्हणायचा, “आलं सगळं पनवेल घरी.” विजेचा दाब कमी झाला, याची आमच्याकडची ती खूण होती.

गुन्हा असा होता. खाडीकाठच्या, मिठागरांना लागून असलेल्या एका गावात वीजचोरी होते, असं निनावी पोस्टकार्ड वीज कार्यालयात आलं होतं. कार्यालयाचं तपासणी पथक त्या घरी गेलं. मीटरवरचा आकडा रीडिंगच्या वहीतल्या मागच्या आकड्यापेक्षा बराच कमी निघाला. मीटर पुढेच जातो. तो मागे गेला म्हणजे कुणीतरी उघडून फिरवला. शिवाय मीटरवरचं शिशाचं सील तुटलेलं होतं. पथकानं पंचनामा केला आणि आमच्याकडे फिर्याद दिली.

मीटर म्हाताऱ्या बापाच्या नावावर होता, पण आरोपी म्हणून नाव होतं त्याच्या मुलीचं. वय वर्षं वीस.

“असं कसं?” मी आमच्या जुन्या हवालदारांना विचारलं. ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते. ठाण्यात त्यांच्याशीच मी चार वाक्यं बोलायचे.

“बापाला मोतीबिंदू. आईला लिहिता येत नाही. कागदावर सही पोरीनं केली,” ते म्हणाले. “पथकाला घाई असते, मॅडम. सही ज्याची, नाव त्याचं.”

मी कागद चाळत होते. त्यांनी त्यांच्या टेबलावरून आणखी एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “हा पण बघून ठेवा. हिचाच आहे.”

तो चारित्र्य पडताळणीचा फॉर्म होता. मुलीची अलिबागला नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली होती. तिच्यावर गुन्हा दाखल आहे काय, एवढंच आम्ही लिहून पाठवायचं होतं. मुदत पुढच्या सोमवारची. गुन्हा दाखल आहे असं लिहिलं की तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावात गेलो. रस्ता अर्ध्यावर संपायचा. पुढे खारबांधावरून चालायचं, दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग आणि खाडीच्या चिखलाचा खारा वास. आज तिथे सात-सात मजल्यांच्या इमारती आहेत आणि त्या वासाची ओळख सांगायलाही कुणी उरलेलं नाही.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बल्ब, आतल्या खोलीत बल्ब आणि एक टेबल फॅन. बस. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, काहीच बोलत नव्हती. तिचं गप्प राहणं मला ओळखीचं वाटलं. बोलत होती ती आई.

“आमी मीटरला हात पन लावला नाय, मॅडम. पोरगी सांगते, आये, फडक्यानं पुसू नको, शॉक बसंल. पुसत पन नाय आमी!”

“मग आकडा मागे कसा गेला?” हवालदारांनी विचारलं.

“तुमी शिकलेली मानसा, तुमी सांगा!”

खाटेवरून म्हातारा बोलला, “उरणला गॅसवर लाइट बनतं. तारा आमचे डोक्यावरशी मुंबईला जातान. आमचे घरान दोन बल्ब. ते पन चोरीचे?”

हवालदार हसले. मी मीटरजवळ गेले. सील अडकवायची तार तुटली होती, पण कापलेली दिसत नव्हती. तिची टोकं तांबूस होती, बोट लावलं की भुगा पडायचा. मी शेजारच्या घरी गेले, मग त्याच्या पुढच्या. बहुतेक मीटरांची तार तशीच गंजून गळून पडलेली. खारं वारं तिथे दाराच्या कड्या खाऊन टाकतं, ती बारीक तार किती टिकणार? मी प्रत्येक घराची नोंद पंचांसमोर लिहून घेतली. माझं मराठी अडलं, की हवालदार हळूच शब्द पुरवायचे.

परतताना आई बांधापर्यंत आली. “पोरीला पकडनार काय?” तिनं विचारलं. मला उत्तर द्यायचं होतं. हवालदारांनीच दिलं, “तपास चालू आहे, मावशी.”

ठाण्यात आल्यावर मी ते पोस्टकार्ड पुन्हा काढलं. तोवर सगळ्यांनी ते वाचलं होतं. शेजाऱ्यांचं भांडण असणार, मत्सरातून लिहिलं असणार, असं सगळ्यांचं मत होतं. मीही तेच धरून चालले होते. गावात जाऊन आल्यावर ते मला वेगळं दिसलं. गावात त्या म्हाताऱ्याला कागदावरच्या नावानं कुणी ओळखतच नव्हतं. आम्ही पत्ता विचारला तेव्हा तीन जणांनी डोकं खाजवलं, आणि टोपणनाव कळल्यावर “अरे, मंग असा बोला ना!” म्हणत बोट दाखवलं. पोस्टकार्डावर टोपणनाव नव्हतं, नाव नव्हतं, आळी नव्हती. फक्त एवढंच होतं: ‘खालील ग्राहक क्रमांकाच्या घरी मीटर फिरवला जातो.’ आणि खाली क्रमांक, लांबलचक, एकही आकडा न चुकता.

स्वतःचा ग्राहक क्रमांक कुणाला पाठ असतो? मग शेजाऱ्याचा कोण सांगणार?

हे मी कुणाला बोलले नाही. वीज कार्यालयाकडून त्या गावाच्या रीडिंगची वही मागवली आणि रीडिंग घेणाऱ्या माणसाला जबाबासाठी बोलावलं. तो येईपर्यंत वही चाळत बसले. दर महिन्याला प्रत्येक घराचा आकडा साधारण तेवढ्याच युनिटांनी पुढे गेलेला. पावसात तेवढाच, उन्हाळ्यात तेवढाच. दोन बल्ब आणि एक पंखा महिनाभर चालवून किती युनिटं होतात, ते मी कागदावर मांडून पाहिलं. वहीतला वापर त्याच्या दुप्पट होता. शहरातल्या टीव्हीवाल्या घराला शोभेल एवढा.

“भादव्यात पण तेवढंच?” माझ्या खांद्यावरून वहीत बघत हवालदार म्हणाले. “भादव्यात तर त्या गावाचा ट्रान्सफॉर्मर जळला होता, मॅडम. गावानं वीज कार्यालयावर मोर्चा आणलेला. बंदोबस्ताला मीच होतो.”

आम्ही आमचीच ठाणे दैनंदिनी काढली. नोंद होती. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी जळलेला ट्रान्सफॉर्मर सर्वपित्री अमावास्येला बदलला गेला होता. सव्वा महिना अख्खं गाव अंधारात, गणपतीची आरती पेट्रोमॅक्सवर. आणि वहीप्रमाणे त्या सव्वा महिन्यात प्रत्येक घरानं नेहमीइतकी वीज वापरली होती.

रीडिंगवाला दुपारी आला. पन्नाशीचा, छत्री काखेत, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. “मी बोलू का त्याच्याशी दोन मिनिटं, आपल्या पद्धतीनं?” एका शिपायानं विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं आणि चहा मागवला.

मी त्याला त्याच्या कामाबद्दल विचारलं. किती गावं, सायकल कुठवर जाते, मीटर उंचावर असला तर काय करता. तो खुलला. कुणी त्याला हे कधी विचारलं नसावं. मग मी म्हटलं, “खाडीकडच्या गावात, शेवटच्या आळीत, पिंपळाच्या अलीकडच्या घरात कोण राहतं?”

“नाव नाही सांगता येणार, मॅडम. आमचं सगळं नंबरावर.” आणि त्यानं चहाचा घोट घेत अख्खा ग्राहक क्रमांक म्हणून दाखवला. वर थोडा हसलाही. “चारशे घरांचे पाठ आहेत.”

मी पोस्टकार्ड त्याच्या कपाशेजारी ठेवलं.

त्यानं ते उचललं नाही, कप तेवढा बाजूला सरकवला. मग मी दैनंदिनीतली नोंद आणि वहीतलं ते पान उघडून शेजारी ठेवलं. मी काही बोलले नाही. मला बोलता येत नव्हतं म्हणूनही असेल. पण त्या शांततेत तो स्वतःच सुरू झाला.

“भरतीला तो बांध पाण्याखाली असतो, मॅडम. सायकल खांद्यावर घ्यायची. एका महिन्यात नाही गेलो, अंदाजानं लिहिलं. पुढच्या महिन्यात गेलो तर मीटर माझ्या आकड्याच्या मागे. आता मागचा आकडा कसा लिहू? वहीत मागे येता येत नाही. मग जाणंच सोडलं.”

“आणि पोस्टकार्ड?”

“माझी बदली झाली. नवा माणूस वही घेऊन गावात जाणार, सगळे मीटर मागे दिसणार. एका घरात चोरी सापडली, की बाकीच्यांचंही तसंच असेल असं साहेब समजतील, असं वाटलं.”

“हेच घर का?”

त्यानं मान खाली घातली. “ते भांडायला येणारे नाहीत.”

जबाब लिहून झाला. त्यावर सही करून त्यानं पेन त्या डागाच्या खिशाला अडकवलं, आणि मला त्याची कीव आली, हे मी लपवणार नाही. त्यालाही त्याच वयाची मुलगी होती, कॉलेजात, असं तो जाता जाता म्हणाला.

शनिवारी मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या निरीक्षकांनी, बोलावलं. समोर वीज कार्यालयाचे अधिकारी बसले होते. मी सगळा अहवाल नीट लिहून आदल्या दिवशीच टेबलावर ठेवला होता. माझी समजूत अशी, की कागदात सगळं आहे, तो वाचला की मला तोंड उघडावं लागणार नाही. साहेबांनी तो वाचला होता.

“काम चांगलं केलंत,” ते म्हणाले. “पोरगी सुटली पाहिजे, हे मान्य. आता सी समरी पाठवून देऊ. काय?”

गुन्हा न्यायालयात न नेता मिटवायचा, तर आम्ही समरी पाठवतो. सी समरी म्हणजे तक्रार खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झाली. बी समरी म्हणजे तक्रारच जाणूनबुजून खोटी केलेली.

“गैरसमज म्हटलं की आमच्या माणसाची नोकरी वाचते,” अधिकारी म्हणाले. “वीस वर्षं झाली त्याला. खात्यामार्फत आम्ही त्याला समज देऊच. मुलीलाही कुठे काय होतंय? सगळ्यांचंच भलं.”

“बरोबर आहे,” म्हणत साहेबांनी सी समरीचा तयार कागद पुढे सरकवला. “घ्या मॅडम, सही करा.”

ते वाईट माणूस नव्हते. त्या क्षणी त्यांचं बोलणं मलाही शहाणपणाचं वाटलं. पण माझ्या डोळ्यांपुढे पडताळणीचा तो फॉर्म होता. त्यावर ‘खरी नाही, खोटी नाही’ असं लिहून गेलं, तर अलिबागच्या कचेरीतला कारकून त्याचा अर्थ काय लावणार? त्याला समरी ठाऊक नसते, संशय मात्र ठाऊक असतो. तो यादीतलं पुढचं नाव घेईल. ज्या घरातून कुणी भांडायला येणार नाही, ते घर त्या रीडिंगवाल्यानं निवडलं होतं. आता आम्ही तिघं, चांगल्या मनानं, तेच घर निवडत होतो.

इतक्या वर्षांनी त्या तपासाबद्दल मला एवढंच म्हणता येईल. गप्प राहून मी बरंच ऐकलं, पाहिलं, गुन्हा उलगडला, हे खरं. पण मी लिहून ठेवलेलं दुसरं कुणीतरी वाचेल आणि माझ्या वतीनं बोलेल, हा माझा भ्रम होता. त्या दिवसापासून मी कुठल्याही तरुण अधिकाऱ्याचा अहवाल हातात घेण्याआधी त्याला समोर बसवून विचारत आले, तुला काय म्हणायचंय ते आधी तोंडानं सांग.

साहेबांनी पेन माझ्यापुढे धरलं होतं. वरचा पंखा घरघरत होता. मी पेन घेतलं, कागदावरचं ते एक अक्षर खोडलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येऊ नये इतका मोठा निघाला.

“सी नाही, साहेब. बी. तिनं काहीच केलेलं नाही, आणि तिच्या फॉर्मवर तसंच लिहून जाईल.”