चौकातली धून

माझ्या थोरल्या भावाला घरात सगळे घाण्याचा बैल म्हणतात. नाव बाबांनी ठेवलेलं. दादा ऑनलाइन खेळांना संगीत देतो, आणि त्या संगीताला शेवट नसतो. खेळणारा एका जागी किती वेळ उभा राहील हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून धुनेचं शेपूट तिच्याच तोंडाला जोडायचं आणि तिला गोल गोल फिरत ठेवायचं. तो सांधा कानाला कळता कामा नये. दादाचा कळत नाही. त्याला याचा एवढा गर्व की पाहुणे टेकायच्या आत त्यांना तो ऐकवून मोकळा होतो.

यंदा कंपनीने खेळातल्या संगीताचा अल्बम विकायला काढला. धुना निवडणं, साफ करणं, क्रम लावणं, सगळं दादाच्या गळ्यात पडलं. अल्बममध्ये मात्र धून कुठेतरी संपावी लागते. या धंद्यातली रीत सोपी आहे: धून दोनदा वाजवायची आणि मग आवाज हळूहळू उतरवत शून्यावर आणायचा. बाकीच्या सगळ्या धुना दादाने अशा बिनबोभाट झोपवल्या. एक राहिली. चौकातली.

लढाईला निघण्याआधी खेळणारे ज्या चौकात जमतात, तिथे ती वाजते. तिच्यातली क्लॅरिनेट बाबांची आहे. बाबा आयुष्यभर बँडमध्ये होते. निवृत्त झाल्यावर दादाने त्यांना आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि ती धून रेकॉर्ड केली. पुढे कुणीही खेळाचा विषय काढला की बाबा कुरकुरायचे, "याने मला त्या चौकात उभं करून ठेवलंय. दिवसरात्र वाजवतोय. जरा दम खाऊ देत नाही!" आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. गेल्या वर्षी बाबा गेले. चौकात मात्र ते वाजवतच होते.

विक्री बघणाऱ्या बाई रोज फोन करत. "सर, लोक आगाऊ मागणी नोंदवून बसलेत. शुक्रवारी ही धून आली नाही, तर ती वगळून अल्बम काढावा लागेल." दादा नुसता हो हो करायचा.

मी स्वभावाने फटकळ. म्हटलं, "दादा, पडद्यावरची आवाजाची एक पट्टी खाली ओढायची, त्याला एवढे आढेवेढे?"

"मग तूच ओढ," म्हणून तो खुर्चीवरून उठला.

मी बसले. धून सुरू झाली, एकदा फिरून आली. मी पट्टीवर बोट ठेवलं. बाबांचा आवाज माझ्या हाताने बारीक करायचा होता. मला नाही जमलं. रडू आलं ते वेगळंच.

आई दारात उभी राहून बघत होती. "काय चाललंय तुम्हा दोघांचं?" दादाने तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तेव्हा ते आपले आपण थांबले असतीलच ना? का अजून आतल्या खोलीतच बसलेत?"

सांधा जोडण्यासाठी दादाने बाबांचं वाजवणं अर्ध्यातच कापलं होतं, आणि त्याच्या पुढचं कधी ऐकलंच नव्हतं. "शेवटाशी माझं कधी कामच पडलं नाही गं," तो ओशाळून म्हणाला.

मूळ रेकॉर्डिंग त्याने जपून ठेवलं होतं. ते लावलं. बाबांनी शेवटचा सूर लांबवला आणि सोडला. दम घेतला. खुर्ची करकरली. मग त्यांचा आवाज आला, "झालं बुवा. आता चहा होऊन जाऊ दे."

"हे बोलणं काढून टाकू?" दादाने विचारलं.

"काही काढू नकोस. थांबू दे त्यांना. किती वर्षं उभे आहेत," आई म्हणाली.

शुक्रवारी धून पोचली. शेवटी कोण बोलतंय, असं बाईंनी फोनवर विचारलं. "वाजवणारे," दादा म्हणाला.

विक्री सुरू झाली त्या संध्याकाळी आम्ही तिघं अल्बम लावून बसलो होतो. एकेक धून येऊन विरत गेली. चौकातली आली. ती संपली, खुर्ची करकरली, बाबांनी चहा मागितला. आई सवयीने उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने आधण ठेवलं.