फुकट फोनवाले

चोरी केली असती तर लोकांनी एवढे प्रश्न विचारले नसते, जेवढे फुकट काम केल्यावर विचारतात! त्यामुळे आमच्याकडे किस्से न मागता साचत गेले.

आम्ही तिघं. सेलूच्या शाळेत गणित शिकवणारी वैशाली, आर्वीत वडिलांच्या किराणा दुकानात बसणारा प्रफुल्ल, आणि वर्ध्याच्या एका ऑफिसात क्लार्क असलेली मी. मोबाइलची एक ओपन सोर्स सिस्टिम आहे. ती कोणा कंपनीच्या मालकीची नाही, जगभरातले लोक हौसेनं बनवतात. तिचा स्क्रीन नव्यानं डिझाइन करणं चालू आहे. कोणतं बटन कुठं, कोणतं चित्र कसं. सुटीच्या दिवशी आम्हीही त्याला हातभार लावतो. पगार? शून्य! संशय इथूनच सुरू होतो.

*

प्रफुल्लचे वडील, म्हणजे आमचे काकाजी, पक्के दुकानदार. "पैसा नाई, तरी पोट्टा तासन्‌तास बसून राह्यते. एक तर पोरगी आहे, नाई तर जुगार!"

एका रविवारी ऑनलाइन मीटिंग सुरू होती आणि काकाजी खुर्ची ओढून सरळ त्याच्या मागेच बसले. विषय होता, बॅटरीचं चित्र उभं ठेवायचं की आडवं. देशोदेशीचे लोक इंग्रजीत तावातावानं भांडत होते. काकाजींना शब्द कळत नव्हता, पण नजर हलली नाही.

शेवटी उठले. "पैसा कोणालेच नाई, अन् भांडण सगळ्यायले! म्हंजे हे आपल्या गणेश मंडळावानीच आहे. चालू दे."

*

नवीन डिझाइन लोकांना कळतं का, हे पाहायला आम्ही वर्ध्याच्या एसटी स्टँडवर जातो. अनोळखी माणसाच्या हातात फोन द्यायचा आणि त्याचं बोट कुठं जातं ते बघायचं. लोक बॅगा उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसतात!

एक आजी मात्र हलल्या नाहीत. "बाई, मी ओटीपी सांगत नसतो, आधीच सांगून ठेवतो."

"आजी, ओटीपी नको. फक्त याच्यात टॉर्च लावून दाखवा."

आजींनी क्षणात लावला! मी खूश. मी आभार मानेपर्यंत त्यांनी पदरानं फोन पुढून-मागून घासून पुसला.

"राहू द्या हो आजी, स्वच्छच आहे."

"स्वच्छतेसाठी नाई पुसत. माहे ठसे ठेवत नाई मी!"

*

मराठी मजकूर वैशालीकडे. फोटो डिलीट करताना फोन विचारायचा, "तुम्हाला खात्री आहे का?" तिच्या हेडसरांनी ते वाचून फोन परत दिला. "मॅडम, होती. यानं विचारल्यावर गेली!"

म्हणून तिनं सोपं केलं, "फोटो काढायचा का?" आणि पुन्हा सरांनाच दाखवलं.

सरांनी खिशातून कंगवा काढला, केस बसवले, फोनकडे पाहून हसले आणि "हो" दाबलं. फोटो गेला! तोही त्यांच्या सत्काराचा, दुपारीच काढलेला.

सरांनी कंगवा परत खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, माह्या खुर्चीवर तर डोळा नाई ना तुमचा?"

*

आणि आमचा स्वतःचा संशय? तो एका माणसावर. प्रोजेक्टमध्ये आमची डिझाइनं तपासणारा कोणीतरी होता. नाव नाही, फोटो नाही, फक्त "नामंजूर".

या वेळचं डिझाइन वैशालीच्या जिव्हाळ्याचं होतं. तिची आई घरी एकटीच असताना पडली. फोन हातात होता, पण मदतीचा कॉल लावता आला नाही. शेजारीण येईपर्यंत तशीच फरशीवर पडून होती. म्हणून वैशालीनं लॉक स्क्रीनवर मोठं लाल बटन आणलं. उत्तर आलं, नामंजूर!

"कंपनीचा माणूस आहे, मुद्दाम अडवून राह्यला," वैशाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"माणूसच नाई तो, मशीन आहे," प्रफुल्ल म्हणाला, आणि रागात खाली आपल्या वऱ्हाडीतच कारण विचारून टाकलं, "काऊन बे?"

लगेच उत्तर. "काऊन म्हंजे? बटन वर आहे. पडलेल्या माणसाचा अंगठा तेथवर जाते का?"

आम्ही गार! हा तर आपल्याच इकडचा! बटन खाली घेतलं आणि त्याला भेटायलाच बोलावलं. तो म्हणाला, रविवारी वर्धा स्टेशन, एक नंबर प्लॅटफॉर्मवर.

आम्ही तिघं बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला निरखत होतो. कोणीच थांबेना. शेजारी चहा पीत बसलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "कोणाची वाट पाहून राह्यले?"

अनोळखी माणसाला खरं कशाला सांगा! प्रफुल्लनं सांगितलं, "मामाची."

"येईल, येईल," म्हणत ते गृहस्थ कप टाकून निघून गेले. आम्ही दुपारपर्यंत बसलो आणि चरफडत घरी आलो.

संध्याकाळी मेसेज आला.

"मामा येऊन गेला. बटन खाली घेतलं, बरं केलं. मंजूर."