'आधी'चे हात

मावशीच्या आयुष्याचा मोठा भाग धुलाईच्या दुकानात सोड्याच्या पाण्यात हात बुडवण्यात गेला होता. आईवेगळ्या भाचीला तिनेच वाढवले. पुढे भाचीने स्वयंपाकघराच्या ओट्यावर मेण आणि तेल वितळवून भेगांचे मलम करायला घेतले, तेही मावशीचे हात डोळ्यांपुढे ठेवूनच. सुरुवात अशी निर्मळ होती.

मलम गुणकारी होते, पण खपत नव्हते. विक्रीची विद्या शिकवणारे कोणी जवळ नव्हते, म्हणून ती स्वतःच शिकू लागली. औषधांच्या दुकानात उगाच रेंगाळून गिऱ्हाईक कोणती डबी उचलते आणि कोणती वाचून परत ठेवते, हे ती पाही. परत ठेवणाऱ्याला धीर करून विचारी, "का हो, नाही पटली?" इतरांच्या रिकाम्या डब्या घरी आणून त्यांवरचा मजकूर स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिही. भांडी घासताना मोबाइलवरची व्याख्याने ऐके. यातून तिला एक सूत्र गवसले: माणसाला आधी स्वतःचे दुखणे ओळखता आले पाहिजे, औषधाकडे तो मग वळतो. सूत्र खरे होते. दुखणे कोणाचे दाखवायचे आणि त्या माणसाचे पुढे काय, हे मात्र कोणत्याच व्याख्यानात नव्हते, आणि तिलाही ते विचारावेसे वाटले नाही.

"थोडे दिवस मलम लावू नकोस गं मावशी. फोटो काढायचाय."

"म्हणजे भेगा राखून ठेवायच्या होय? बरं बाई, ठेवते जपून!"

डबीवर डावीकडे मावशीचे हात आले. खाली शब्द होता 'आधी'. उजवीकडे 'नंतर' हवे होते. मावशीचे हात बरे व्हायला वेळ लागला असता आणि छपाई खोळंबली होती, म्हणून तिथे भाचीने स्वतःचे हात ठेवले. डब्या हातोहात खपू लागल्या. त्या धांदलीत "आता लाव" एवढे मावशीला सांगायचे राहून गेले. मावशीनेही शब्द पाळून मलमाला बोट लावले नाही. धुलाईच्या दुकानातल्या बायकांनी डबीवरच्या फोटोत मावशीची वाकडी करंगळी ओळखून तिचे नावच पाडले, "आली गं आपली आधी!" मावशी त्यांच्यासोबत हसे.

मग नवउद्योजकांच्या एका मेळाव्यात भाचीला बोलावणे आले. विषय होता, 'मी विक्री कशी शिकले'. मावशी कौतुकाने पुढच्या रांगेत बसली. पडद्यावर डबी भिंतीएवढी उमटली तेव्हा तिने हात पिशवीखाली सरकवले. भाचीला ते दिसले.

मागून एका तरुणाने विचारले, "मॅडम, ते डावीकडचे हात कुणाचे? रंगवलेत ना?"

सभागृह हसले. भाचीची नजर पिशवीवर गेली आणि जीभ आपोआप वळली, "मॉडेलचे आहेत."

परतताना मावशी चहाच्या टपरीपाशी थांबली. मग म्हणाली, "चल, मॉडेलला चहा तरी पाज."

त्या विनोदात राग असता तर सोसवला असता. घरी येताच भाचीने डबी उघडली आणि मावशीचा हात ओढून मांडीवर घेतला. मावशीने तो मागे घेतला.

"पुन्हा फोटो काढायचाय का?"

"नाही गं."

"मग कशाला चोळतेस? बरे झाले तर तुझ्या 'आधी'चं काय?"

तिने हे थट्टेत विचारले नव्हते. भेगा हे घरातले आपले काम आहे, अशी तिची खरोखर समजूत झाली होती. ती कोणी करून दिली, हे भाचीला विचारावे लागले नाही.

मेळाव्यातल्या मंडळींचा मोबाइलवर गट होता. भाचीने त्यावर लिहिले, "डबीवरचे डावीकडचे हात माझ्या मावशीचे आहेत, उजवीकडचे माझे. मावशीला मलम मी लावूच दिले नव्हते. आज मी खोटे बोलले." कोणी शाबासकी दिली, कोणी फसवणूक म्हटले. दुकानदारांनी माल परत पाठवला. नव्या डबीवर फक्त अक्षरे राहिली आणि खप रोडावला.

आता मावशी कामावरून आली की भाची तिचे हात चोळते. बाकीच्या भेगा मिटत आल्या आहेत. अंगठ्याची तेवढी हटत नाही. ती चोळताना मावशी अजूनही अवघडते.

"झालं का गं?" ती विचारते.

"नाही अजून," भाची म्हणते, आणि मान वर करत नाही.