दिवाळीतली विहीर

टेंभुर्णी सोडली त्या सकाळी एसटी यायला वेळ होता, म्हणून आबा मला आधी विहिरीवर घेऊन गेले. दिवाळी नुकतीच सरली होती. त्यांनी खडा टाकला, कान दिला. खालून डुबुक आवाज आला. "पाणी हाय," म्हणाले. "जा निवांत."

अहमदाबादेत नोकरीही तशीच मिळाली. उपग्रह समुद्रावर रडारची लहर सोडतो. ती आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पाण्याची उंची काढायची. आबांना सांगितलं तर हसले. "मंग माझाच खडा की रे. सरकारनं महाग केला एवढंच."

दरवर्षी दिवाळीलाच जायचो. विहीर भरलेली, ज्वारी हिरवी, माय चुलीपुढं करंज्या तळत बसलेली. आबा गेल्यावरही तसंच. बहीण कमल गावातच दिलेली. ती एसटीडी बूथवरून सांगायची, "भाऊ, एकदा वैशाखात ये. धुळीनं मायला किती धाप लागती ते पाह्य." दिवाळीत गेलो की मी मायला विचारायचो. "तिचं काय ऐकतो? मी बराबर हाय." मला तेच ऐकायचं असायचं.

आणि हाच मी कामावर आलेल्या नव्या मुलांना शिकवत होतो, की काही उपग्रह एखाद्या जागेवरून कधीही गेले तरी घड्याळात वेळ तीच असते. सूर्यामुळं येणारी भरती-ओहोटी त्यांना दरवेळी एकाच टप्प्यावर भेटते, म्हणून तिथलं पाणी हलतच नाही असं वाटतं. त्यावर भरवसा ठेवायचा नाही. मुलं लिहून घ्यायची.

मग एका वर्षी कमलचे फोन थांबले. तिनं सांगणंच सोडलंय, हे कळायलाही मला वेळ लागला. वैशाखात गाडीत बसलो.

कमल टँकरच्या रांगेतून घागर घेऊन येत होती. मला पाहून थांबली. "आला का? औंदा दिवाळी लवकर आली म्हणायची."

माय बाजेवर बसली होती. मला पाहताच तिनं पदर सावरला, ताठ बसली, श्वास दाबून धरला. दोन शब्दांत तो सुटला. "आत्ता कशाला आलास रे? आत्ता काय दाखवू तुला?"

मी विहिरीवर गेलो. खडा टाकला. खट्ट वाजलं. इतकी वर्षं ते मला ऐकायचं नव्हतं, म्हणून मी दिवाळीला येत होतो. कमल ते एकटीच ऐकत राहिली.

आता रजा वैशाखातच काढतो. रांगेत घागर घेऊन मी उभा असतो, कमल मायजवळ बसते. अजून टोमणे मारते, पण फोन करते. माझ्यासारखे गाव सोडून गेलेले भेटले, की घराची आठवण म्हणून सणच सांगतात. मला आठवते ती तळाला गेलेली विहीर, आणि मी समोर बसलेलो असूनही आता धाप न लपवणारी माय.